रूळ तळ्याच्या अलीकडे थांबले, वस्ती थांबली नाही

पर्यटनाच्या गावापर्यंत प्रवासी गाडी न्यायची म्हटलं की वाद पेटतो. घाटातल्या मोटारींच्या रांगा कमी होतील, असं काहींना वाटतं; गाव चहूबाजूंनी अस्ताव्यस्त पसरेल, ही इतरांची धास्ती. हा वाद जवळजवळ रेल्वेइतकाच जुना आहे.

१८४४ मध्ये इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात केंडल ते विंडरमियर मार्गाची योजना आली, तेव्हा कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांनी आधी एक सुनीत आणि मग वृत्तपत्राला पत्रं लिहून तिला विरोध केला. तिथली शांतता मोडेल, ही त्यांची काळजी रास्तच होती. पण कारखान्यांतल्या कामगारांना गाड्या भरभरून आणल्याने त्यांचं काही भलं होणार नाही, हे त्यांचं म्हणणं मला आजही अन्यायाचं वाटतं. मार्ग १८४७ मध्ये सुरू झाला. तो विंडरमियर तळ्याच्या काठापर्यंत पोहोचलाच नाही, अलीकडे बर्थवेट नावाच्या वाडीजवळ थांबला. स्टेशनचं नाव मात्र विंडरमियर. भोवती हॉटेलं आणि बंगले उठले, वाडीचं जुनं नाव मागे पडलं आणि तिलाच लोक विंडरमियर म्हणू लागले. पुढे ही वस्ती उतरत उतरत काठावरच्या बोनेसला जाऊन भिडली.

आता जमिनीकडे पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात उद्योगपती हेन्री फ्लॅगलर यांची रेल्वे १८९६ मध्ये मायामीला पोहोचली. तिच्या मागे त्यांचीच हॉटेलं होती, जमिनीही होत्या. मायामीला शहराचा दर्जा मिळाला तो त्याच वर्षी. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने तर रुळांलगतच्या जमिनीवर घरं बांधून विकण्यासाठी १९१९ मध्ये वेगळी कंपनीच काढली. तिकिटापेक्षा प्लॉटमध्ये जास्त पैसा दिसू लागला की स्टेशन कुठे हवं, हे प्रवाशांच्या सोयीवर ठरत नाही.

नुसत्या रेल्वेने वाढलेली वस्ती बहुधा स्टेशनपासून पायी जाता येईल एवढ्याच टप्प्यात दाटते. मोटारी आल्या आणि घरं रस्त्यांच्या कडेने लांबच लांब पसरली. त्याला आवर घालायला ब्रिटनमध्ये १९३५ साली खास कायदा करावा लागला. लंडनभोवतीचा हरित पट्टा, म्हणजे बांधकामापासून मोकळी ठेवलेली जमीन, राखण्याचा कायदा १९३८ चा.

स्वित्झर्लंडमधल्या झर्माटला १८९१ मध्ये रेल्वे आली. तिथे आजही पेट्रोल-डिझेलच्या खासगी मोटारींना मज्जाव आहे. पर्यटक पाच किलोमीटर अलीकडे टेश इथे गाडी ठेवतात आणि पुढे रेल्वेने जातात. धूर आणि गर्दीच्या वाहतुकीपासून गाव वाचलं. पण वर्षातले थोडे दिवस उघडणारी, एरवी कुलूपबंद राहणारी सुट्टीची घरं अशा गावांत वाढतच गेली. २०१२ मध्ये देशभर सार्वमत झालं आणि अगदी निसटत्या बहुमताने ठरलं की ज्या गावात अशी घरं २० टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे नव्यांना परवानगी नाही. झर्माटला पहिली गाडी येऊन तेव्हा १२१ वर्षं झाली होती.