पहिल्या बल्बला पुढचं कसं कळतं?

९ व्होल्टची बॅटरी आणि तिला जोडलेला एक बल्ब. त्याच्यापुढे तार दोन फांद्यांत फुटते आणि दोन्हींवर एकेक तसाच बल्ब आहे. आता तिसऱ्या बल्बचा स्विच बंद केला, तर पहिल्याचं काय होईल?

‘काहीच नाही,’ असं इंजिनिअरिंगची मुलंही सर्रास सांगतात. पहिला बल्ब तर आधी येतो. पुढे काय झालं याच्याशी त्याला काय देणंघेणं? गंमत म्हणजे हीच मुलं किरचॉफचे (सर्किटमधल्या करंट आणि व्होल्टेजचा हिशेब मांडणारे) नियम लावून तेच गणित बिनचूक सोडवतात. तिन्ही बल्बांचा रोध (करंटला होणारा अडथळा) सारखा धरला, तर आधी पहिल्यावर ६ व्होल्ट आणि बाकीच्या दोघांवर ३. स्विच बंद केल्यावर उरलेल्या दोघांना साडेचार-साडेचार. म्हणजे पहिला मंदावतो, दुसरा उजळतो. पण हे वहीत. डोक्यातला करंट एकेक स्टेशन घेत निघालेल्या गाडीसारखा असतो आणि मागच्या स्टेशनाला पुढची खबर नसते.

आपण मनात जगाची छोटी प्रतिकृती बाळगतो आणि ती चालवून पुढचा अंदाज बांधतो, असं केनेथ क्रेक या मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं होतं. प्रतिकृती बदलली की चुकाही बदलतात. डेड्रे आणि डोनाल्ड गेंटनर या संशोधकांनी १९८३ मध्ये हे विजेच्याच बाबतीत दाखवलं. करंट म्हणजे वाहतं पाणी असं मानणाऱ्यांना बॅटऱ्यांचे प्रश्न बरे जमले, कारण टाकीवर टाकी चढवली की दाब वाढतो, शेजारी ठेवली की वाढत नाही. करंट म्हणजे फाटकातून घुसणारी गर्दी असं मानणाऱ्यांना रोधांचे प्रश्न जमले: शेजारी दुसरं फाटक उघडलं की जास्त माणसं सुटणारच. पाणीवाल्यांना मात्र शेजारी-शेजारी जोडलेले दोन रोधही म्हणजे दुप्पट अडथळा वाटत राहतो. त्यामुळे ‘योग्य उपमा कोणती?’ हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. ती कुठे दगा देते हे कळलं, तर उपयोग.

स्टेशनांची उपमाही अगदीच टाकाऊ नाही. स्विच बंद होताच तिथे विद्युतभार साचतो, तारेतलं विद्युतक्षेत्र बदलतं आणि तो बदल जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने मागे सरकतो. इलेक्ट्रॉन स्वतः गोगलगायीच्या चालीने पुढे सरकत असतात, खबर मात्र साधारण फूटभर तार एखाद-दोन नॅनोसेकंदात ओलांडते. तेवढा वेळ पहिल्या बल्बला खरंच काही ठाऊक नसतं.