भाजल्यावर २० मिनिटे पाणी कशासाठी?

भाजलेल्या जागी पाणी लावले की फोड येतो, ही समजूत आपल्याकडे अनेक घरांत अजूनही पक्की आहे, आणि म्हणूनच कढईचा चटका बसताच माणूस नळाकडे न वळता टूथपेस्ट, शाई, तूप, हळद किंवा बटाट्याचा कीस शोधू लागतो. वास्तविक फोड येतो तो उष्णतेमुळे त्वचेचा वरचा थर खालच्या थरापासून सुटतो आणि इजा झालेल्या केशवाहिन्यांतून झिरपलेला द्रव मधल्या पोकळीत साठतो म्हणून. पाण्याचा त्यात काहीही दोष नाही. उलट ही इजा आटोक्यात ठेवणारा घरातला सर्वांत खात्रीचा उपाय पाणीच आहे.

त्वचा किती भाजेल हे तापमान आणि संपर्काचा काळ या दोहोंवर अवलंबून असते. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवून दिले की ४४ अंश सेल्सिअसला त्वचेची न भरून येणारी हानी होण्यास सुमारे ६ तास लागतात, ६० अंशांना जेमतेम ५ सेकंद पुरतात आणि ७० अंशांना एक सेकंदही पुरेसा होतो. तळणीचे तेल १८० अंशांच्या आसपास असते, हे लक्षात घेतले की स्वयंपाकघरातला क्षणभराचा अपघातही एवढा गंभीर का ठरतो ते कळते. शिवाय तेल किंवा तवा दूर झाला तरी त्वचेत शिरलेली उष्णता लगेच निघून जात नाही. ती काही काळ खालच्या थरांकडे सरकत राहते.

पुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये भाजलेल्या जखमेचे तीन भाग वर्णन केले. मध्यभागी पेशी मेलेल्या असतात आणि त्या परत येत नाहीत. सर्वांत बाहेरचा भाग रक्तप्रवाह वाढल्याने लाल होतो व सहसा आपोआप बरा होतो. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात मात्र पेशी जिवंत असल्या तरी रक्तपुरवठा मंदावलेला असतो, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत हा पट्टा सावरतो किंवा मरतो. तो मेला तर उथळ वाटणारी जखम खोल होते. प्रथमोपचाराची सारी धडपड या मधल्या पट्ट्यासाठी असते. पाणी उष्णता काढून घेते, सूज व दाह कमी करते आणि वेदनाही शमवते. त्यासाठी नळाच्या वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली भाजलेला भाग २० मिनिटे धरावा; उशीर झाला असला तरी पहिल्या ३ तासांत त्याचा उपयोग होतो. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी चांगलेच तापलेले असते, तेव्हा घरात भरून ठेवलेल्या बादलीतले पाणी तांब्याने हळूहळू ओतत राहणे बरे. बर्फ मात्र नको, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि ज्या पट्ट्याला रक्त हवे त्याचेच ते तुटते. लहान मूल असेल किंवा भाजलेला भाग मोठा असेल, तर शरीर फार थंड पडू नये म्हणून उरलेले अंग कोरड्या कपड्याने झाकावे, आणि हुडहुडी भरू लागल्यास पाणी थांबवावे.

टूथपेस्ट किंवा तुपाने तात्पुरते बरे वाटते हे मान्य; पण त्यांचा लेप उष्णतेला आत कोंडतो, जंतुसंसर्गाला वाव देतो, आणि डॉक्टरांना जखमेची खोली पाहण्यासाठी तो खरवडून काढावा लागतो. त्या वेळी रुग्णाला होणारा त्रास टाळता येण्यासारखा असतो.

कपड्यांनी पेट घेतला असेल तर धावल्याने ज्वाळा भडकतात, म्हणून जमिनीवर आडवे होऊन लोळावे किंवा जाड सुती चादर अथवा गोधडी अंगाभोवती घट्ट लपेटावी. बांगड्या, अंगठी, पैंजण सूज येण्याआधीच काढावेत. नायलॉनची साडी वितळून कातडीला चिकटली असेल तर मात्र ती ओढू नये. फोड फोडू नयेत. पाण्याचा उपचार झाल्यावर स्वच्छ, धूत सुती कापडाने जखम सैलसर झाकावी. चुनकळीची भुकटी अंगावर पडली तर आधी ती कोरडीच झटकून मग भरपूर पाण्याने धुवावी. विजेचा धक्का बसला असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय माणसाला हात लावू नये, आणि बाहेरची जखम बारीक दिसली तरी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे त्याच्या त्वचेचा सुमारे १ टक्का, या मापाने भाजलेला भाग अंदाजता येतो. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिये भाजली असतील, धूर छातीत गेला असेल, रुग्ण तान्हा किंवा वृद्ध असेल, अथवा जखम तळहातापेक्षा मोठी असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखम पांढरी किंवा काळपट, कोरडी आणि न दुखणारी असेल तर तिला किरकोळ समजू नये. ती दुखत नाही याचे कारण वेदना कळवणारे मज्जातंतूही तिथे जळालेले असतात. रुग्णालयात पोहोचल्यावर कशाने भाजले, किती वाजता भाजले, किती वेळ पाणी घातले आणि धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली, हे डॉक्टरांना नेमके सांगावे.