नरतुरंग (तारकासमूह)

नरतुरंग हा दक्षिण खगोलार्धातील एक मोठा तारकासमूह आहे. कमरेच्या वर माणूस आणि खाली घोडा असलेल्या ग्रीक पुराणातील प्राण्याची आकृती या ताऱ्यांत कल्पिलेली आहे. त्याचा विस्तार १,०६० चौरस अंश असून आकाशाच्या ८८ तारकासमूहांत तो आकाराने नववा आहे. तो क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर) −३० ते −६५ अंश आणि होरा (आकाशातले पूर्व-पश्चिम स्थान) ११ ते १५ तास यांच्या दरम्यान पसरलेला आहे. उत्तरेला वासुकीची लांबलचक शेपटी, पूर्वेला वृक आणि पश्चिमेला नौशीर्ष असे त्याचे शेजारी आहेत. त्रिशंकू, ज्याला दक्षिण स्वस्तिकही म्हणतात, त्याला नरतुरंगाने तीन बाजूंनी वेढले आहे. आकाशगंगेचा पट्टा या समूहाच्या दक्षिण भागातून जातो, त्यामुळे तिथे ताऱ्यांची दाटी आहे.

सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, रात्रीच्या आकाशातला सर्वांत भव्य गोलाकार तारकागुच्छ आणि आपल्याला जवळ असलेली एक अत्यंत प्रक्षुब्ध दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) या तिन्ही गोष्टी या एकाच समूहात आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यातून नरतुरंग पूर्ण उगवतो, हे इथल्या निरीक्षकांचे भाग्य आहे. त्यातला सर्वांत तेजस्वी तारा मित्र, याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर येतो तेव्हा पणजीहून क्षितिजाच्या वर सुमारे १४ अंश असतो. पुण्याहून तो जेमतेम ११, मुंबईहून १० आणि नागपूरहून ८ अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण १० अंश भरते, म्हणजे मुंबईकराला मित्र क्षितिजाच्या एक मूठ वर शोधायचा आहे. दिल्लीत तो एक अंशही वर चढत नाही. धूळ आणि इमारतींमागे हरवतो. युरोपातून तर तो दिसतच नाही.

इतिहास आणि कथा

दुसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रियात टॉलेमी या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाने ४८ तारकासमूहांची यादी केली, तीत नरतुरंग आहे. आज मात्र अलेक्झांड्रियातून मित्र उगवत नाही. टॉलेमी चुकला होता असे नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, त्या परांचन गतीमुळे गेल्या अठराशे-एकोणीसशे वर्षांत हे तारे आठ-नऊ अंश दक्षिणेकडे सरकले आहेत, आणि अजून काही हजार वर्षे ते तिकडेच सरकत राहणार आहेत. जे तारे ग्रीकांच्या डोळ्यांसमोर होते ते त्यांच्या वंशजांच्या क्षितिजाखाली गेले. मग पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपीय खलाशी विषुववृत्ताच्या खाली उतरले, तेव्हा त्यांना ते नव्याने भेटले.

या विस्मरणाची खूण नकाशांवर राहिली आहे. टॉलेमीच्या यादीत त्रिशंकूचे चार तारे वेगळे नव्हते, ते नरतुरंगाच्या मागच्या पायांत मोजलेले होते. इटालियन प्रवासी आंद्रेआ कोर्साली याने १५१५ मध्ये हिंदी महासागराच्या सफरीवरून लिहिलेल्या पत्रात या ताऱ्यांचे क्रूस म्हणून वर्णन केले. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांतील नकाशाकारांनी तो क्रूस हळूहळू स्वतंत्र समूह केला आणि घोड्याच्या पायांखालची जमीनच काढून घेतली. आजच्या नकाशात नरतुरंगाची आकृती तोकडी वाटते, ती यामुळे.

ग्रीक कथांत हा नरतुरंग बहुधा कायरन मानला जातो. बाकीचे नरतुरंग दांडगे आणि मद्यपी, हा मात्र शहाणा, वैद्यक आणि संगीत जाणणारा, अकिलीझ व अस्क्लिपियस यांचा गुरू. हेराक्लीझच्या विषारी बाणाची जखम त्याला झाली. तो अमर असल्याने मरणही येईना, तेव्हा त्याने अमरत्व सोडून दिले आणि आकाशात जागा मिळवली. धनू राशीची आकृतीही अर्धा घोडा अशीच काढतात, त्यामुळे दोघांची गल्लत होते. धनू धनुर्धारी आहे, तर जुन्या चित्रांत नरतुरंगाच्या हातातल्या भाल्याच्या टोकावर शेजारचा वृक असतो.

इतर संस्कृतींनी हेच तारे निराळ्या अर्थाने वाचले. चिनी खगोलात मित्राचा समावेश ‘दक्षिण दरवाजा’ या समूहात होतो. इ. स. १८५ मध्ये चिनी निरीक्षकांनी याच दिशेला एक ‘पाहुणा तारा’ नोंदवला, तो काही महिने दिसत होता. अतिदीप्त नवताऱ्याची, म्हणजे स्फोट होऊन एकाएकी उजळलेल्या ताऱ्याची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. नरतुरंग आणि शेजारचा कर्कटक समूह यांच्या सीमेवरचे आरसीडब्ल्यू ८६ हे विस्तारणारे कवच त्या स्फोटाचा अवशेष असावे. ऑस्ट्रेलियातील बूराँग लोकांच्या कथेत मित्र आणि त्याच्या शेजारचा तेजस्वी तारा मित्रक हे दोन शूर भाऊ आहेत, त्यांनी एका भयंकर एमूला भाल्याने मारले. अँडीज पर्वतातील लोक ताऱ्यांपेक्षा आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांत आकृत्या पाहत. तिथे एक काळी लामा चरताना दिसते आणि मित्र-मित्रक हे तिचे डोळे होतात.

भारतीय परंपरेतली सत्तावीस नक्षत्रे चंद्राच्या मार्गाशी बांधलेली आहेत. नरतुरंग त्या मार्गापासून फार दक्षिणेला, त्यामुळे त्यातला एकही तारा नक्षत्रांत नाही. पंचांग पाहणाऱ्याच्या नजरेतून हा इतका तेजस्वी प्रदेश निसटतो, याची मला कायम चुटपुट लागते.

मित्र आणि मित्रक

मराठीत या समूहातल्या अल्फा ताऱ्याला मित्र आणि बीटा ताऱ्याला मित्रक म्हणतात. दोघांत साडेचार अंशांपेक्षा थोडे कमी अंतर आहे आणि त्यांना जोडणारी रेषा पश्चिमेकडे वाढवली की ती त्रिशंकूवर जाते. नौकेच्या ताऱ्यांत त्रिशंकूसारखाच एक फसवा क्रूस आहे. जवळ ही जोडी असेल तोच खरा त्रिशंकू. आकाशात शेजारी दिसणारे हे दोघे प्रत्यक्षात मात्र परके आहेत. मित्रक सुमारे ३९० प्रकाशवर्षे दूर आहे. तो प्रचंड तापलेल्या निळसर ताऱ्यांचे त्रिकुट असल्याने इतक्या दूर असूनही ०.६ प्रतीचा दिसतो (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). मित्र फक्त ४.३७ प्रकाशवर्षांवर आहे. आज रात्री त्याचा जो प्रकाश डोळ्यांत शिरेल, तो चार वर्षे चार महिन्यांपूर्वी निघालेला आहे.

व्याध आणि अगस्तीनंतर नुसत्या डोळ्यांना दिसणारा तिसरा तेजस्वी तारा म्हणजे मित्र, त्याची प्रत −०.२७ आहे. मात्र हा एक तारा नाही. तो युग्मतारा आहे हे डिसेंबर १६८९ मध्ये जेझुइट धर्मगुरू जाँ रिशो याने ओळखले. तो पाँडिचेरीत होता आणि एक धूमकेतू पाहत असताना त्याच्या दुर्बिणीत मित्राचे दोन ठिपके दिसले. सूर्याच्या सर्वांत जवळच्या शेजाऱ्याचे गुपित भारताच्या किनाऱ्यावरून उलगडले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. दोघांपैकी मोठा तारा वर्णपटाने सूर्यासारखाच पिवळा आणि वस्तुमानाने सूर्याहून किंचित जड. धाकटा नारिंगी आणि थोडा हलका. ते सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. कक्षा लांबट असल्यामुळे त्यांच्यातले अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या ११ पटींपासून ३६ पटींपर्यंत बदलते.

मित्राचे अंतर मोजण्याची कथा हातून निसटलेल्या मानाची आहे. थॉमस हेंडरसन याने आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होप येथे १८३२-३३ मध्ये मित्राची स्थाने मोजली. ताऱ्याची स्वतःची गती मोठी, दर वर्षी ३.७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), म्हणून तो जवळचा असावा असा त्याला संशय होता. आकडेमोडीत पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचे जागेवरून भासणारे सरकणे, ज्यावरून अंतर काढतात) मिळालाही; पण आधीच्या अनेकांचे असे दावे खोटे ठरलेले असल्याने तो प्रसिद्ध करायला धजेना. दरम्यान १८३८ मध्ये फ्रीड्रिख बेसेल याने हंस समूहातील एका ताऱ्याचा पराशय जाहीर केला आणि ताऱ्याचे अंतर प्रथम मोजल्याचा मान त्याला मिळाला. हेंडरसनचा निबंध १८३९ मध्ये आला. त्याचे मूल्य एका विकलेहून थोडे अधिक होते, आजचे ०.७५ विकला आहे. चूक होती, पण मित्र किती जवळ आहे हे त्याने बरोबर पाहिले होते.

तिसरा सदस्य प्रॉक्सिमा हा तांबडा बटुतारा. रॉबर्ट इनिस याने १९१५ मध्ये जोहान्सबर्गच्या वेधशाळेतून तो शोधला. वस्तुमान सूर्याच्या सुमारे आठव्या भागाएवढे, प्रत ११, त्यामुळे चांगली दुर्बीण असल्याशिवाय दिसत नाही. तरीही ४.२४ प्रकाशवर्षांवरचा हा मंद तारा सूर्याला सर्वांत जवळचा आहे. मित्राच्या जोडीभोवती एक फेरी करायला त्याला साडेपाच लाख वर्षांच्या आसपास लागतात. २०१६ मध्ये त्याच्याभोवती ११.२ दिवसांत फिरणारा, किमान पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह जाहीर झाला. द्रव पाणी टिकू शकेल अशा पट्ट्यात तो आहे, पण प्रॉक्सिमावर वारंवार होणारे भडके तिथल्या वातावरणाला टिकू देतील का, हा प्रश्न मोकळाच आहे. मित्राच्या जोडीतल्या धाकट्या ताऱ्याभोवती २०१२ मध्ये जाहीर झालेला ग्रह पुढे आकडेमोडीतला भास ठरला. २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला थोरल्याजवळ एका वायुग्रहाच्या शक्यतेची खूण मिळाली आहे.

चित्रेखालची रेषा

मे महिन्याच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा याम्योत्तर वृत्तावर असते. तिथून नजर सरळ खाली, दक्षिण क्षितिजाकडे न्यावी. होरा जवळजवळ तोच असल्यामुळे चित्रेच्या खाली ३२ अंशांवर नरतुरंग अ ही दीर्घिका आणि आणखी साडेचार अंश खाली ओमेगा हा गुच्छ अशी जणू ओळंब्याने धरलेली रेषा मिळते. पुण्याहून ओमेगा त्या वेळी सुमारे २४ अंश वर असतो. काळोख्या माळावर तो नुसत्या डोळ्यांना धूसर ताऱ्यासारखा दिसतो. बायनॉक्युलरमधून तो कापसाचा गोळा होतो. सहा-आठ इंची दुर्बिणीतून त्याच्या कडा ताऱ्यांच्या चुऱ्यात फुटतात, तेव्हा पहिल्यांदा पाहणारा माणूस सहसा बोलायचे थांबतो.

टॉलेमीने त्याला तारा म्हणून नोंदले, १६०३ मध्ये योहान बायर याने ओमेगा हे ग्रीक अक्षर दिले, आणि १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर गेलेल्या एडमंड हॅलीने तो ताऱ्यासारखा टोकदार नाही हे नोंदवले. सूचीतला क्रमांक एनजीसी ५१३९. अंतर सुमारे १७,००० प्रकाशवर्षे, व्यास दीडशे प्रकाशवर्षांच्या घरात, तारे सुमारे एक कोटी. आपल्या आकाशगंगेच्या परिवारात एवढा मोठा दुसरा गोलाकार गुच्छ नाही. साध्या गुच्छातले तारे एकाच वेळी जन्मलेले असतात. ओमेगात मात्र वेगवेगळ्या पिढ्यांचे, वेगवेगळ्या रासायनिक घडणीचे तारे आहेत. म्हणून तो आकाशगंगेने फार पूर्वी गिळलेल्या एका छोट्या दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा, असे बहुतेक संशोधक मानतात. २०२४ मध्ये या मताला मोठा आधार मिळाला. हबल दुर्बिणीच्या वीसेक वर्षांच्या चित्रांतून गाभ्याजवळ सात अतिवेगवान तारे सापडले. त्यांना धरून ठेवायला किमान ८,२०० सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे कृष्णविवर हवे.

नरतुरंग अ, म्हणजे एनजीसी ५१२८, जेम्स डनलॉप याने १८२६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पॅरामाटा येथून शोधली. तेजस्वी गोल बिंबाच्या मधोमध धुळीचा काळा पट्टा, असे तिचे रूप. एका मोठ्या लंबवर्तुळी दीर्घिकेने सर्पिल दीर्घिका पोटात घेतल्याची ती खूण आहे. अंतर १.१ ते १.३ कोटी प्रकाशवर्षे. १९४९ मध्ये बोल्टन, स्टॅन्ली आणि स्ली यांनी सिडनीजवळच्या समुद्रकड्यावरून, पाण्यावरून परावर्तित लहरींचा उपयोग करून, तीव्र रेडिओ उगमांच्या जागा ठरवल्या आणि त्यांतला एक या दीर्घिकेशी जुळवला. तिच्या केंद्रातले कृष्णविवर सुमारे साडेपाच कोटी सूर्यांएवढे आहे. त्यातून सुटणाऱ्या झोतांनी फुगवलेले रेडिओ फुगे आकाशात आठ-दहा अंश व्यापतात. डोळ्यांना रेडिओलहरी दिसल्या असत्या तर तिथे चंद्राच्या जवळजवळ वीसपट लांबीची आकृती दिसली असती. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला −५३ अंशांपर्यंतचे आकाश दिसते, त्यामुळे हा उगम तिच्या आवाक्यात आहे, मित्र मात्र नाही.

इतर पिंड

याच समूहात बूमरँग अभ्रिका (वायू आणि धुळीचा ढग) आहे. १९९५ मध्ये तिचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर फक्त एक अंश आढळले. म्हणजे विश्वातल्या सर्वव्यापी सूक्ष्मलहरी प्रारणापेक्षाही ती थंड आहे. नैसर्गिक म्हणून ज्ञात असलेली एवढी थंड दुसरी जागा नाही. सुमारे ५० प्रकाशवर्षांवरचा बीपीएम ३७०९३ हा श्वेत बटू (मरणोत्तर उरलेला ताऱ्याचा लहान, घट्ट गाभा) आतून स्फटिक झालेल्या कार्बनचा असल्याने हिऱ्याचा तारा म्हणून गाजला. वरच्या भागात थीटा हा दुसऱ्या प्रतीचा नारिंगी राक्षसी तारा ५९ प्रकाशवर्षांवर आहे. महाराष्ट्रातून तो सहज वर येतो, आणि समूह ओळखायला सुरुवात तिथूनच करावी. लॅम्डाजवळचा एनजीसी ३७६६ हा खुला गुच्छ बायनॉक्युलरमधून सुंदर दिसतो, पण तो मित्राएवढाच खाली आहे, म्हणून दक्षिणेला उतार असलेली टेकडी किंवा मोकळा समुद्र हवा. मार्चमध्ये उत्तररात्री, एप्रिल-मेमध्ये रात्रीच्या पहिल्या-दुसऱ्या प्रहरी नरतुरंग पाहावा. मृगाचे ढग दाटले की तो सह्याद्रीच्या निरीक्षकांसाठी पुढच्या वर्षावर जातो.