पानीमा सास: शार्क आणि बुडालेल्या जहाजांच्या सहलींमागची गोष्ट

माझा भाचा अमळनेरहून मालवणला स्कूबा डायव्हिंगसाठी निघाला, तेव्हा माझ्या आईने त्याला उंबऱ्यावरच थांबवलं. "पानीमा सास कसा लेशी रे भाऊ?" म्हणजे पाण्यात श्वास कसा घेशील. तो म्हणाला, "सिलिंडर असतं, आजी," आणि बॅग उचलून गेला. आईचं समाधान झालं नाही. माझंही नाही, कारण तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर सापडायला माणसाला फार काळ लागला, आणि आज मालवण, अंदमान, मालदीवच्या ज्या सहली जळगाव-धुळ्याच्या ट्रॅव्हल एजंटांकडे मिळतात, त्या सगळ्या त्या उत्तरावर उभ्या आहेत.

आपल्याकडे पाण्याखाली जाणं म्हणजे विहीर. पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकायचं, मग बुडी मारून तळाची माती मुठीत आणून दाखवायची. विहिरीत पडलेली घागर गळाने निघाली नाही, तर गावातला पट्टीचा पोहणारा उतरायचा. छातीत मावेल तेवढा श्वास, आणि तो टिकेल तेवढाच वेळ. शहाद्याकडच्या पोरांनी पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखाली बसायचा खेळही केलेला असतो. तो देठ वीतभर खोलीपर्यंत चालतो. नळी लांब केली तरी फार उपयोग होत नाही, कारण अडचण नळीची नसते. पाणी छातीवर दाबत असतं, आणि वरची हलकी हवा त्या दाबाविरुद्ध आत ओढायला बरगड्यांच्या स्नायूंत ताकद नसते. समुद्रात दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे खाली श्वास घ्यायचा, तर हवाही तेवढ्याच दाबाची हवी, आणि माणूस श्वास ओढेल तेव्हाच, हवी तेवढीच मिळायला हवी.

ही युक्ती समुद्रावर जन्मली नाही, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. फ्रान्समधला बेनुआ रुकेरोल हा खाणीतला इंजिनिअर. विषारी वायू भरलेल्या खाणीत अडकलेल्या माणसांना सोडवायला जाणाऱ्यांसाठी त्याने 1860 च्या दशकात एक झडप तयार केली. श्वास ओढला की ती उघडायची, सोडला की मिटायची. ऑग्युस्त देनेरूझ या नौदलातल्या अधिकाऱ्याबरोबर त्याने तीच पाण्याखाली नेली. पण हवा पुरेशा दाबाने कोंडून ठेवणाऱ्या टाक्या तेव्हा नव्हत्या, म्हणून पाणबुड्याला वरच्या पंपाची नळी सुटली नाही.

पुढचं पाऊल पडलं ते पेट्रोलच्या टंचाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये मोटारी गॅसवर चालवायची वेळ आली होती. एमिल गान्यां या इंजिनिअरने त्यासाठी इंजिनाला हवा तेवढाच गॅस सोडणारी झडप बनवली होती. नौदल अधिकारी जाक कुस्तो त्याच्याकडे आला आणि हीच झडप माणसाच्या श्वासासाठी बसवता येईल का, असं विचारलं. जानेवारी 1943 मध्ये त्यांनी ती मार्न नदीत तपासली. कुस्तो आडवा पोहत होता तोवर ठीक, पण उभा राहिला की हवा फुकट बुडबुड्यांत जायची आणि डोकं खाली केलं की मिळेनाशी व्हायची. हवा येण्याची आणि सोडलेली हवा बाहेर जाण्याची जागा एकाच पातळीवर आणल्यावर दोष गेला. त्याच उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात ते उपकरण पाठीवर बांधून माणूस मोकळा पोहला. वर कुठलीही नळी नाही, दोर नाही. त्याचं नाव ॲक्वालंग.

आईला मी हे स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. गॅसच्या टाकीवरचा रेग्युलेटर दाखवला आणि म्हटलं, हेच काम, फक्त शेगडीच्या जागी माणूस. ते तिला लगेच पटलं. एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी, कारण आपल्याकडे सगळे "ऑक्सिजनचं सिलिंडर" म्हणतात. सहलीला येणाऱ्यांच्या टाकीत शुद्ध ऑक्सिजन नसतो, साधी गाळलेली हवा दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली माणसाला झटके आणू शकतो.

हवेतही धोका आहेच, तो नायट्रोजनचा. दाबाखाली तो रक्तात आणि मांसात विरघळत जातो. माणूस घाईने वर आला, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर येतात तसे त्याचे बुडबुडे अंगात सुटतात. हा आजारही पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसला तो पुलांचे पाये खणणाऱ्या मजुरांत. नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या पेट्यांमध्ये मजूर खोदकाम करत आणि वर आले की सांधे धरून कण्हत बसत. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग 1872 मध्ये यानेच अपंग झाला. मग जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग केले, किती खोलीवर किती वेळ राहिल्यास वर येताना कुठे किती थांबायचं याची कोष्टकं बनवली, आणि ती 1908 मध्ये प्रसिद्ध झाली. आज वर कधी आणि किती थांबून यायचं ते सांगणाऱ्या मनगटावरच्या डायव्ह कॉम्प्युटरमध्ये जे गणित चालतं, त्याची मुळं त्या कोष्टकांत आहेत.

खानदेशातल्या माणसाला हा भाग नीट माहीत हवा, कारण आपला परतीचा रस्ता घाटातून जातो. एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास विमानात बसायचं नाही, हे शिकवणारे सांगतात. पण मालवणहून संध्याकाळी गाडी काढून आंबोलीने चढायचं म्हणजेही काही तासांत सुमारे 700 मीटर उंची. खोल किंवा लागोपाठ डाइव्ह केलेल्याने एक रात्र किनाऱ्यावर काढावी आणि मग घाट चढावा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. किनाऱ्याजवळ पाच-सहा मीटरवर हात धरून दाखवून आणतात, त्यात हा धोका कमी असतो. तरीही घाई नको.

युद्ध संपल्यावर ही विद्या नौदलातून बाजारात आली. 1952 मध्ये अमेरिकेत ह्यू ब्रॅडनरने निओप्रीन या रबरासारख्या पदार्थाचा, अंगाला घट्ट बसणारा वेटसूट सुचवला आणि थंड पाणी सुसह्य झालं. ब्रिटनमध्ये 1953 मध्ये डायव्हिंगचा क्लब निघाला, 1966 मध्ये अमेरिकेत पॅडी ही डायव्हिंग शिकवणारी संस्था निघाली. पॅडीने काय केलं, तर शिक्षणाचे लहान टप्पे पाडले: पहिल्या प्रमाणपत्रावर 18 मीटर खोलीपर्यंत, पुढच्यावर 30. आठवडाभराच्या सुट्टीत शिकता येईल असा खेळ तिथे झाला. बाकीचं काम स्वस्त होत गेलेल्या विमानप्रवासाने केलं.

आता खाली जाऊन बघायचं काय? प्रवाळ आणि मासे सगळीकडे होतेच. पण लोक पैसे साठवून, सुट्टी राखून जायला लागले ते दोन गोष्टींसाठी, आणि दोन्ही गोष्टी पूर्वी माणसाच्या भीतीच्या होत्या.

पहिली, बुडालेली जहाजं. यात सर्वात प्रसिद्ध थिसलगॉर्म. इंग्रजांचं हे मालवाहू जहाज उत्तर आफ्रिकेतल्या सैन्यासाठी सामान घेऊन आफ्रिकेला वळसा घालून आलं आणि सुएझ कालव्याच्या अलीकडे तांबड्या समुद्रात थांबून राहिलं. 6 ऑक्टोबर 1941 च्या रात्री जर्मन बाँबफेकी विमानांनी त्याला बुडवलं. नऊ माणसं गेली. कुस्तोच्या पथकाने 1950 च्या दशकात ते शोधलं. नंतर ते विस्मरणात गेलं आणि 1990 च्या दशकात इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या डायव्हरांनी ते पुन्हा गाठलं. सुमारे 30 मीटर खोलीवर आजही त्याच्या पोटात मोटारसायकलींच्या रांगा आहेत, ट्रक आहेत, रबरी बुटांचे ढीग आहेत. आणि भुसावळकरांनी हे ऐकावं: त्यावर इजिप्तच्या रेल्वेसाठी नेलेली दोन वाफेची इंजिनं होती. स्फोटाने ती डेकवरून उडाली आणि जहाजाच्या दोन्ही बाजूंना वाळूवर पडली. ज्या गावात लोको शेडच्या भोंग्यावर दिवस चालले, तिथल्या माणसाने समुद्राच्या तळाशी उभं राहून वाफेच्या इंजिनावर हात ठेवावा, असं मला फार वाटतं.

हात ठेवावा, पण काही उचलू नये. थिसलगॉर्मवरून आठवण म्हणून इतक्या वस्तू गेल्या आणि सहलीच्या बोटींनी थेट त्याच्याच लोखंडाला दोर बांधून त्याची इतकी मोडतोड केली, की हे दुखणं जगभर गाजलं. मायक्रोनेशियातल्या चूक लगूनमध्ये फेब्रुवारी 1944 च्या अमेरिकन हल्ल्यात डझनावारी जपानी जहाजं बुडाली, आणि त्यांत माणसांची हाडंही राहिली. ती जागा म्हणजे स्मशान आहे. युनेस्कोने 2001 मध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या अवशेषांसाठी करार केला, तो 2009 मध्ये अमलात आला. महायुद्धातली जहाजं आता एकेक करून त्या शंभर वर्षांकडे चालली आहेत.

समुद्र आपल्यापासून लांब, म्हणून हे सगळं परक्याचं, असं मानायचं कारण नाही. 17 व्या शतकात बऱ्हाणपूरचं, म्हणजे जुन्या खानदेशाच्या राजधानीचं कापड नंदुरबार-नवापूरच्या वाटेने बैलांच्या पाठीवर सुरतेला जायचं आणि तिथून इराण, अरबस्तान, तुर्कस्तानाकडे. सुरत ही आपल्याच तापीच्या मुखावरची. त्या काळच्या जहाजांत काय असायचं, याचा एक नमुना गोव्याला मिळाला. तिथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुंची रीफ या खडकाजवळ 17 व्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष तपासले, तेव्हा तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले. तापीच्या मुखाशी असं काही बघता येणार नाही. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी भयंकर आहे आणि पाणी गढूळ.

म्हणून जिथे पाणी स्वच्छ, तिथे आता मुद्दाम जहाज बुडवतात. अमेरिकेने 2006 मध्ये ओरिस्कनी ही अख्खी विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ बुडवली. आपल्याकडे भारतीय नौदलाची गुलदार ही नौका, पोलंडमध्ये बांधलेली आणि 1985 मध्ये दाखल झालेली, जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवती रॉक्सजवळ ती तळाशी बसवून तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आखली गेली. तेल, तारा, रंगाचे विषारी थर काढून आणि आत-बाहेर जायला मोठी भोकं पाडूनच असं जहाज खाली सोडतात. तरीही मालवणच्या मच्छीमारांना त्या जागेबद्दल जे म्हणायचं असेल ते आधी ऐकलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट शार्क. कुस्तोच्या 1956 च्या गाजलेल्या माहितीपटातही त्याच्या माणसांनी शार्क ओढून काढून ठेचून मारलेले दिसतात. तेव्हा ते कुणाला खटकलं नाही. दृष्टी बदलायला ज्यांनी सुरुवात केली त्यांत एक रॉडनी फॉक्स. 1963 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत मोठ्या पांढऱ्या शार्कने त्याला धडात चावून जवळपास मारलंच होतं. बरा झाल्यावर त्याने सूड घेतला नाही. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यातला सिंह पाहून त्याच्या मनात आलं, की पाण्यात माणसानेच पिंजऱ्यात बसावं. आज पांढरा शार्क बघायला लोक ज्या पिंजऱ्यातून उतरतात, त्याची सुरुवात ही.

पण खरा पालट हिशेबाने झाला. मालदीवमध्ये 1993 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मच्छीमाराला एका मेलेल्या ग्रे रीफ शार्कमागे 32 डॉलर मिळत, आणि तोच शार्क डायव्हिंगच्या जागी जिवंत राहिला तर वर्षाला सुमारे 3,300 डॉलर आणत होता. पलाऊ या छोट्या देशाने 2009 मध्ये आपला सगळा समुद्र शार्कसाठी राखीव केला, मालदीवने 2010 मध्ये शार्कची मासेमारी पूर्ण बंद केली. आज तिथल्या फुवाहमुला बेटावर वाघशार्क पाहायला जगभरातून लोक येतात. पैशाच्या हिशेबाने जीव वाचवावा लागतो याचं मला दुःख आहे, तरी वाचले हे मोठं.

हिशेबाशिवायही वाचतो, हे आपल्या शेजारी घडलं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या बाजूला, 1990 च्या दशकात देवमाशाएवढा व्हेल शार्क गळ आणि पिंपं लावून थकवून मारत. म्हणून त्याचं नावच "बॅरल" पडलं होतं. 12 मीटरहूनही मोठा होणारा, बारीक जीव गाळून खाणारा हा मासा 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. पण कायद्यापेक्षा मनावर चाललं ते मोरारी बापूंचं सांगणं. ही मासोळी म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला मारायची नसते. तिचं नाव "व्हाली" झालं, म्हणजे लाडकी. त्यानंतर तिथल्या कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून अशा शेकडो माशांना सोडून दिलं. आखाजीला घरोघर लेक माहेरी येते त्या खानदेशात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी आईला सांगितलं, तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला.

भाचा मालवणहून एक दिवस उशिरा, रात्र काढून परतला. पाण्याखाली त्याने रंगीत मासे पाहिले, प्रवाळ पाहिलं. शार्क दिसला तो बंदरावर सकाळच्या लिलावात: टोपलीत एकावर एक पडलेल्या हातभर लांबीच्या मुशी. कोकणात तिचं सार घरोघर होतं आणि लहान शार्कच्या बहुतेक जातींना कायद्याचं संरक्षण नाही. त्याने फोटो काढून आणला होता. आई बराच वेळ तो मोबाइल हातात धरून बसली.

"हाई व्हाली शे का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही, ही तिच्याच कुळातली धाकटी.