फोडणीला आग समजणारा अलार्म

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींची एक ठरलेली तक्रार असते: मोहरी तडतडली रे तडतडली की छतावरचा धुराचा अलार्म बोंब मारायला लागतो. मग कुणी त्यावर शॉवर कॅप चढवतं, कुणी सेलच काढून ठेवतं. रात्री खरोखर आग लागली तर काय, हा विचार जेवणं होईपर्यंत मागे पडतो. बरं, यात फोडणीचा काही खास गुन्हा नाही. टोस्टरमध्ये करपलेल्या पावालाही तो तसाच वाजतो.

जुन्या पद्धतीच्या डिटेक्टरमध्ये, म्हणजे या धूर ओळखणाऱ्या यंत्रात, अमेरिशिअम-२४१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, साधारण ०.३ मायक्रोग्रॅम. त्याचे अल्फा कण हवेचे आयन (विद्युतभारित कण) करतात आणि दोन पट्ट्यांमधून क्षीण विद्युतप्रवाह वाहतो. धुराचे कण आयनांना चिकटले की प्रवाह घटतो आणि अलार्म वाजतो. तापलेल्या तेलातून डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण अमाप निघतात. या यंत्राला नेमके तेच लवकर कळतात. (किरणोत्सारी म्हटल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर कॅन्सरची भीती घातली जाते. अल्फा कण साधा कागदही भेदू शकत नाहीत.)

दुसऱ्या प्रकारात एलईडीचा प्रकाश धुरावर आदळून विखुरतो आणि बाजूला बसवलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या डायोडवर पडतो. फोडणीवर हा जरा कमी चिडतो, पण न्हाणीघरातल्या वाफेला फसतो. इथे दोन रंग वापरायची युक्ती मला फार आवडते. एक एलईडी निळा, ४७० नॅनोमीटरचा. दुसरा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा), ९४० चा. कण तरंगलांबीपेक्षा बराच लहान असेल तर प्रकाशाचं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होतं. आकाश निळं दिसतं ते यामुळेच. इथे तरंगलांबी दुप्पट, म्हणून निळा प्रकाश १६ पट जास्त विखुरतो. वाफेचे थेंब मात्र कित्येक मायक्रोमीटरचे; ते दोन्ही रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुराचे कण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी येतात. म्हणजे दोन्ही संकेतांच्या गुणोत्तरावरून कणाच्या आकाराचा अंदाज येतो. प्रकाश कोणत्या कोनात टिपला यावरही हे गुणोत्तर बदलतं, तो हिशोब इथे नको.

स्वयंपाकाचा धूर याहून अवघड, कारण त्याचे कण आगीच्या कणांच्या आकाराशी मिळतेजुळते असतात. म्हणून यूएल २१७ या अमेरिकी मानकाच्या आठव्या आवृत्तीत हॅम्बर्गर भाजण्याची चाचणी आली: त्याच्या धुराला डिटेक्टरने लवकर वाजायचं नाही, पण फोम जळताना वेळेत वाजायचं. मोहरी-हिंगाची चाचणी अजून कुणी घातलेली नाही. तोवर डिटेक्टर शेगडीपासून निदान १० फूट लांब लावावा, आणि घेताना तात्पुरता गप्प करायचं बटण असलेला घ्यावा.