कटर धारेला पाठवण्याआधी: आरपीएम आणि फीडचा हिशेब

धार लावायला आलेला प्रत्येक एंडमिल (मिलिंग मशीनवर फिरून धातू कापणारा कटर) आम्ही आधी भिंगाखाली धरतो. कोपरे जळून काळेनिळे झालेले असले, तर स्पीड जास्त लावलेला होता. धारेच्या मागे आरशासारखी चकाकती पट्टी दिसली, तर फीड, म्हणजे टेबलावरचा जॉब कटरकडे सरकण्याचा वेग, कमी पडला. कटर कापत नव्हता, नुसता घासत होता. आमच्याकडे दुसऱ्या प्रकारचे कटरच जास्त येतात. कटर तुटेल म्हणून ऑपरेटर फीड उतरवतो, आरपीएमला, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांना, मात्र हात लावत नाही. मग कटर तुटत नाही खरा, पण चार जॉबमध्ये बोथट होतो.

आधी आरपीएम काढा. कटिंग स्पीड (धार मालावरून जाते तो वेग, मिनिटाला मीटर) गुणिले ३१८, भागिले कटरचा व्यास मिलिमीटरमध्ये. हा ३१८ म्हणजे १००० भागिले पाय (π, ३.१४), एवढंच. एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटरला एमएसवर (माइल्ड स्टील) कटिंग स्पीड २५ धरा, कास्ट आयर्नवर २०, एसएस ३०४ वर (स्टेनलेस स्टील) १५, ॲल्युमिनियमवर ७० चालतो. १२ मिमीचा एचएसएस एंडमिल एमएसवर चालवायचा, तर २५ × ३१८ ÷ १२ = ६६२. गिअरच्या तक्त्यावर ६६२ सापडणार नाही. ६३० आणि ७१० असतील, तर ६३० लावा.

खालचाच का? स्पीड आणि टूलच्या आयुष्याचं गणित अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडून ठेवलंय. त्या हिशेबाने एचएसएसचा स्पीड १० टक्के वाढवला, की आयुष्य निम्म्यावर येतं. कार्बाइड (एचएसएसपेक्षा कडक मालाचा कटर) जरा सोशिक, त्याला निम्म्यावर यायला साधारण २० टक्के लागतात.

आता फीड. आरपीएम × दात × दर दाताचा फीड. वरच्याच कटरला ४ दात आणि दाताला ०.०५ मिमी धरले, तर ६३० × ४ × ०.०५ = मिनिटाला १२६ मिमी. हाच टेबल भीतीपोटी मिनिटाला ३० मिमीवर चालवला, तर दाताच्या वाट्याला जेमतेम ०.०१२ येतात. एवढ्याशा मालात धार नीट शिरतच नाही, घासून तापते. एसएसवर तर घासलेला थर कडक होतो आणि पुढच्या दाताची गाठ त्या कडक कातडीशी पडते. भीती वाटत असेल तर डेप्थ (कापाची खोली) कमी करा, कटर कोलेटमधून (कटर पकडणारी बाही) कमी बाहेर काढा, रनआउट (फिरताना कटर किती डगमगतो ते) डायलने बघा. फीड उतरवणं हा शेवटचा उपाय.

बाजूने हलका कट घेताना तर फीड उलट वाढवावा लागतो. १२ च्या कटरने १.२ मिमीच बाजू घेत असाल, तर चिप हिशेबापेक्षा पातळ निघते, तिथे ०.०५ च्या जागी ०.०८ द्या. फक्त फिनिशिंगचा पृष्ठभाग बघून ठरवा. आणि जुन्या मशीनच्या स्क्रूत बॅकलॅश (ढिलाई) असेल तर क्लाइंब मिलिंगच्या (कटर फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवण्याच्या) नादी लागू नका, टेबल ओढला जाऊन कटर जातो.

चिपचा रंगही बघत जा. एमएसवर एचएसएस कटरची चिप निळी निघाली की आरपीएम एक गिअर खाली. कार्बाइडला निळी चिप चालते. कार्बाइडवर कूलंट थांबून थांबून मारू नका; गरम-गार होऊन धारेला बारीक तडे जातात. द्यायचा तर सलग द्या, नाहीतर कोरडंच चालवून हवा मारा.

बाजूची धार लावलेला कटर मापाने लहान होतो. १२ चा ११.८ झाला तर आरपीएमला काही फरक पडत नाही, पण कीवे (चावी बसवायची खाच) जुन्या १२ च्याच मापाने धराल तर जॉब रिजेक्ट होईल. म्हणून नवीन माप आम्ही शँकवर (कटरच्या दांड्यावर) लिहून देतो. तुम्हीही कटर पाठवताना मटेरियल, आरपीएम आणि फीड लिहिलेली चिठ्ठी रबरबँडने गुंडाळा.