हाताला उंचवटे लागले म्हणजे चित्र हातानंच रंगवलेलं?

‘कॅनव्हासवर हात फिरवा, खरखरीत लागलं तर तैलचित्र हातानं रंगवलेलं’ असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. नाशिकमध्ये घरासाठी व्हॅन गॉग या चित्रकाराच्या १८८९ सालच्या ‘स्टारी नाइट’ या चित्राची प्रतिकृती घेणाऱ्यांनी तेवढ्यावर विसंबू नये. छापील कॅनव्हासवरही ब्रशनं पारदर्शक जेल लावतात, त्यानंही उंचवटे येतात. मोबाइलचा टॉर्च बाजूनं तिरपा धरा. खऱ्या रंगकामात आकाशातल्या भोवऱ्यांबरोबरच रंगाचे थर वळतात आणि एक रंग संपतो तिथे थराची कडही दिसते; जेलचे फटकारे बहुतेकदा चित्राशी जुळत नाहीत. मग भिंग लावा. शाईचे बारीक ठिपके दिसले तर ती छपाई. मला हीच खूण सर्वांत भरवशाची वाटते. छपाईवर कुठेकुठे खरा रंगही लावलेला असतो, म्हणून कोपरे आणि कडाही तपासा.